चढावरची साक्ष

आजोबांची जुनी पिकअप अंगणातून निघायची वाघासारखी आणि बाजाराच्या चढावर तिची शेळी व्हायची. आधी आचके, मग धाप, मग ठप्प. जरा विसावली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. मेकॅनिकनं कार्बोरेटर साफ केला, फिल्टर बदलला, प्लग बदलले आणि शेवटी हात झटकले. "वय झालंय, काका."

"कोणाचं?" आजोबांनी विचारलं. मेकॅनिक शहाणा, त्यानं बिल पुढे केलं.

मुलानं मात्र निक्षून सांगितलं, "आज बाजारात कुंड्या पोचवा. चढावर पुन्हा बंद पडली, तर उद्या भंगारवाल्याला बोलावतो." वडिलांच्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून साक्षीदार म्हणून त्यानं आईलाच गाडीत बसवलं. आजी खिडकीशी, नात मध्ये आणि आजोबा स्टिअरिंग घट्ट धरून.

चढाच्या मध्यावर गाडीनं आचका दिला.

"चल गं माझी राणी," आजोबा पुटपुटले.

"मला म्हणताय?" आजी म्हणाली.

"छे! तू कधी बंद पडली आहेस?"

तेवढ्यात गाडी बंद पडली. आजोबांनी हँडब्रेक ओढला आणि उतरून चाकामागे दगड लावला.

"झालं! आता भंगारवाल्यासाठी चहा टाकायला हवा," आजी म्हणाली.

नात मात्र विचारात पडली होती. "आजोबा, दुरुस्ती शिकवताना तुम्हीच सांगता ना, दुखणं शोधायचं तर आधी विचारायचं, केव्हापासून?"

"असेल... झाले बरेच दिवस."

"टाकीचं झाकण हरवलं, तेव्हापासून!"

आजोबांना ठसका लागला. नातीला त्यांनी तसं सांगितलं होतं, पण झाकण हरवलं नव्हतं; पेट्रोल भरताना आजोबाच ते पंपावर विसरून आले होते. घरी बोलणी नकोत म्हणून त्यांनी आजीच्या बिस्किटांच्या बरणीचं निळं झाकण गुपचूप टाकीला लावून पाहिलं. आटे असे बसले, जणू मापानंच घडवलेत! आत रबराची चकती, थेंब सांडायची बिशाद नाही. इकडे बिस्किटं सादळली आणि आजीनं सुनेपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. शोधाशोधीत सर्वांत पुढे आजोबाच होते. बॅटरी घेऊन कॉटखालीसुद्धा शिरले होते.

"काल तेलाच्या डब्याला तुम्ही एकच भोक पाडलंत, तर तेल येईना," नात बोलतच होती. "दुसरं पाडलं, हवा आत गेली, मग धार लागली. टाकीला दुसरं भोक कुठंय?"

आजोबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र होतं! सपाटीवर पेट्रोल थोडं लागतं, म्हणून गाडी कशीबशी तग धरायची; चढावर जास्त लागतं आणि कोंडलेली टाकी ते सोडत नाही. पोरीनं एकाच फटक्यात रोगही धरला आणि चोरही. कौतुक करावं की पळ काढावा, त्यांना कळेना. गप्प बसलं तर गाडी भंगारात, बोललं तर आपण!

त्यांनी गाडीच्या चेपलेल्या बॉनेटवर हात फिरवला. "टाकी उघड, बाळ," ते म्हणाले. मग आजीकडे वळले. "तू आपली आतच बस."

"पाय अवघडलेत माझे," म्हणत आजी लगेच उतरली.

नातीनं झाकण फिरवलं. फुस्सऽऽ! टाकीनं केवढा तरी श्वास आत घेतला. आजीनं झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "कॉटखाली कोण हो शिरलं होतं?"

"आधी गाडी चालू करून बघूया का?" आजोबा कसेबसे म्हणाले.

झाकण जरासं सैल लावलं आणि सगळ्या कुंड्यांसकट गाडी गुरगुरत चढ चढून गेली. वाटेत आजी बोटांवर सादळलेली बिस्किटं मोजत होती. आजोबांना ती मोजणी चढापेक्षा जड गेली.

परतल्यावर मुलगा फाटकातच उभा होता. "काय गं आई, पडली ना बंद?"

"पडली."

आजोबांनी डोळे मिटले.

"पण म्हातारपणामुळे नाही, चोरीमुळे. गाडी ठणठणीत आहे, भंगारवाल्याला बोलावू नकोस. चोराचं काय करायचं, ते मी बघते."

मुलगा रिकामी गाडी निरखू लागला. आजोबा नातीच्या कानाशी लागले. "उद्यापासून तुझी शिकवणी बंद!"

"बरं," ती म्हणाली. "पण आपला पाण्याचा पंप का ओरडतो, तेही मला कळलंय."

आजोबांनी घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.