बारा नंबरचं झाड

प्रयोगशाळेत तिला सगळे गोचीड म्हणायचे आणि तिला त्याचं अजिबात वाईट वाटत नसे. एकदा कामाला चिकटली की ती सुटायची नाही, हे खरंच होतं.

तिच्या बाबांना त्याच संस्थेत खार म्हणत. निवृत्त होईपर्यंत ते जंगलातल्या उंच झाडांवर चढून बी गोळा करायचे आणि निवृत्तीनंतरही संस्थेतली रोजची फेरी चुकवत नसत. बावीस वर्षांपूर्वी महोगनीच्या चाळीस उंच झाडांचं बी त्यांनी चाळीस पिशव्यांत भरून आणलं आणि त्यातून संस्थेची बियाण्याची बाग उभी राहिली. चाळीस आया, चाळीस रांगा. बागेच्या फाटकावरच्या पाटीवर बाबांचं नाव होतं. यंदा त्या बागेचं बी पहिल्यांदाच देशभरच्या रोपवाटिकांना जायचं होतं. त्याआधी प्रत्येक रांगेची आई खरंच वेगळी आहे ना, एवढंच तिला डीएनएवरून तपासायचं होतं.

काम किचकट, पण कळायला सोपं. झाडाच्या डीएनएमध्ये ठरावीक जागी खुणा असतात. प्रत्येक जागी दोन, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. आईजवळच त्या जागी दोन असतात, त्यामुळे तिच्या प्रत्येक लेकरात त्या दोनांपैकी एक सापडलीच पाहिजे. आया चाळीस असतील, तर रांग बदलली की खुणाही बदलायला हव्यात.

अकराव्या रांगेपर्यंत त्या बदलल्या. बाराव्यापासून चाळिसाव्यापर्यंत मात्र आईच्या त्याच दोन खुणा तिच्याकडे बघून दात काढत होत्या.

चूक आपलीच, असं तिने आधी धरलं. पिशवीवर पेनाने लिहिलं तर स्पिरिटचा एक थेंब नंबर पुसून टाकतो, म्हणून ती पेन्सिलनेच लिहायची. तरीही तिने सगळ्या चाळीस रांगांची पानं स्वतःच्या हाताने पुन्हा तोडली आणि पुन्हा तपासली. मग तिसऱ्यांदाही तपासली. बारा ते चाळीस, एकच आई.

मोठ्या मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"हे बी गेलं तर काय होईल, कळतंय ना तुला?"

"भावंडांची आपापसात लग्नं लावल्यासारखं होईल, मॅडम. पुढची रोपं खुरटी निघणार, वाकडी निघणार. आणि ते कळेपर्यंत सगळीकडे लावून झालेली असतील."

"सोमवारपर्यंत अहवाल दे. हे कशामुळे झालं, तेही लिही." मॅडमनी कागद तिला परत दिला. "पाटीवर कोणाचं नाव आहे, लक्षात आहे ना?"

"रोज त्यांच्याच हातचा चहा पिऊन येते मी."

आता 'कारण समजू शकले नाही' असं एक वाक्य लिहून मोकळं होता आलं असतं. बी थांबलं असतं, पाटी राहिली असती आणि कोणी हूं की चूं केलं नसतं. घरी जाताना रस्ताभर ते वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं, आणि ते किती सोयीचं आहे हे कळून तिचा स्वतःवरच संताप होत होता.

घरात शिरली तर स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला. आई गुडघे सांभाळत स्टुलावर चढलेली आणि बाबा दोन्ही हातांनी स्टूल धरून खाली फरशीकडे बघत उभे. हे दृश्य ती लहानपणापासून बघत आली होती. जगाची खार आणि घरी स्टुलावर चढायला नको, अशी सगळेच त्यांची टर उडवायचे, आणि बाबाही हसायचे. आज मात्र तिला हसू आलं नाही. बाराव्या झाडापासून पुढे हे चढलेच नसतील तर, असं तिच्या मनात आलं.

"बाबा," ती म्हणाली, "बाराव्या झाडावर काय झालं होतं?"

आईचा हात बल्बपाशीच थांबला. बाबांनी कुठलं बारावं, असं विचारलं नाही. स्टूलही सोडलं नाही. आई खाली उतरून खुर्चीत टेकल्यावरच ते बोलले.

"लंबू पडला तिथून. माझ्या डोळ्यांदेखत."

लंबूकाका म्हणजे बाबांचा जोडीदार. झाडावरून पडून तो कायमचा खाटेला खिळला, एवढं तिला ठाऊक होतं. कुठल्या झाडावरून, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"आठवड्याने मला एकट्याला पाठवलं. दोर बांधला, पण पाय काही केल्या वर जाईना. रस्त्याच्या कडेला एक बुटकं झाड होतं. खाली उभं राहून आकडीने फळं पाडता यायची. म्हटलं, एवढ्या एका पिशवीपुरतं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं."

"एकोणतीस वेळा?"

"एकोणतीस वेळा."

"आणि बावीस वर्षं त्या पाटीखालून जाताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटायचं ना. म्हणून तर मागच्या फाटकाने जायचो."

तिला रडू आलं, रागही आला, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. "मी हे लिहिणार आहे, बाबा."

"नावासकट लिही. नाहीतर उद्यापासून तुला गोचीड कोण म्हणेल?" त्यांनी डोळे पुसले. "आणि हेही लिही. ती झाडं पळून गेलेली नाहीत. निवड झाली तेव्हा चाळिसांवर नंबर मीच रंगवले होते. चढायचं तेवढं राहिलं."

सोमवारी तिने नावासकट लिहिलं. बी थांबलं आणि पाटी उतरली. कोणी बाबांना तोंडावर बोललं, कोणी पाठीमागे बोललं. दुसऱ्या दिवसापासून ते नेमाने पुढच्या फाटकाने ये-जा करू लागले. तिने झाडावर चढायचं शिक्षण घेतलं. दोन्ही तळहात सोलून निघाले, पण मागे हटायची नाही हे ठरलेलंच होतं.

फळं पिकली तेव्हा बाबा तिला थेट बारा नंबरच्या झाडापाशी घेऊन गेले. खोडावरचा आकडा फिका झाला होता. त्यांनी तिच्या दोराची गाठ तीनदा ओढून पाहिली आणि दोराचं दुसरं टोक स्टूल धरायचे तसं दोन्ही हातांनी धरलं. ती चढू लागली. अर्ध्यावर पोचल्यावर तिने खाली पाहिलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नजर जमिनीकडे नव्हती. ते वर तिच्याकडे बघत होते आणि ती शेंड्यापाशी पोचेपर्यंत बघतच राहिले.

भरलेली पिशवी तिने दोरीने खाली सोडली. बाबांनी एक हात दोरावरच ठेवून खिशातून पेन्सिल काढली आणि पिशवीवर बारा लिहिलं.

"सावकाश उतर," ते ओरडले. "अजून अठ्ठावीस आहेत."