धुण्याचा दगड

मंगेशने पहार दगडाखाली सरकवली, लवूने दुसऱ्या बाजूने खांदा लावला आणि मागीलदारचा धुण्याचा दगड एकदाचा उलटला. नव्या न्हाणीघरासाठी ती जागा हवी होती. मंगेशची आई शेवंती सकाळपासून "दगडाक हात लावू नकात" म्हणत पायरीवर बसून होती. पण आईचे ऐकतो कोण!

शेजारच्या लवूने दगडावरच्या चिखलावर तांब्याभर पाणी ओतले आणि चप्पल काढून तो मागे सरला.

"मंगेश, ह्या बघ... सतीचो हात."

कावेरी धुण्याची बालदी घेऊन दारातच थांबली. दगडावर एक हात कोरलेला होता. कोपरात वाकून वर उचललेला, मनगटभर बांगड्यांचा. वर चंद्र आणि सूर्य. तिने आपला मोकळा हात पदराखाली घेतला.

तिचा नवरा चंदन, मंगेशचा थोरला भाऊ, जाऊन तीन वर्षे झाली होती. उद्या कणकवलीहून निलेशची माणसे तिला मागणी घालायला यायची होती. सासूने या स्थळाला हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. नुसती ऐकून घ्यायची आणि चुलीत लाकूड सारायची. कावेरीचा जीव टांगणीला लागला होता, त्यात आता हे.

बातमी पसरायला काय वेळ! भावकीतले पाच-सहा जण आले, पुढे दाजी. दाजी निवृत्त मास्तर. इतिहासाचा विषय निघाला की मालवणी सोडून शाळेतल्या भाषेत बोलायचे.

"पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा असणार. विजयनगरची फौज, बहामनी फौज, आज याचा अंमल, उद्या त्याचा. गावातला कोणी लढाईत पडला आणि त्याची बायको चितेवर गेली. अहेव, म्हणजे सवाष्ण गेली, म्हणून बांगड्या. राज्ये बुडाली, पण तिचा हात बघा, तसाच आहे!"

सगळ्यांनी हात जोडले. कावेरीनेही जोडले. न जोडून करते काय?

"आज ती वर आली ती उगीच नाही," दाजींनी आवाज उतरवला. "इथे घुमटी बांधू. पूजा घरच्या विधवेच्याच हातून व्हायला हवी. उद्याची बोलणी राहू देत. ग्रामदेवतेला कौल लावू, मग बघू."

मग बघू! गावातले 'मग बघू' कधी उजाडत नाही, हे कावेरी लग्न होऊन आल्यापासून बघत होती.

"काकानू, माझा चेडू पाळण्यात आसा," मंगेश म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "माका भीती वाटता. तुमी सांगशात तसा करूया."

स्वयंपाकघरात फोन वाजला. उद्या किती जण येऊ, हे निलेश विचारत असणार. कावेरी हलली नाही. फोन वाजून वाजून थांबला. तिला त्या दगडातल्या बाईचा राग आला, आणि राग आला म्हणून भीती वाटली.

शेवंती पायरीवरून उठली. तिने परसातली जास्वंद तोडली, तांब्या भरून घेतला. दाजी अदबीने बाजूला झाले. संपले, कावेरीला वाटले, आता सासूच पूजेला बसली.

शेवंतीने दगडावर पाणी घातले. बोटाने एकेका बांगडीतली माती काढली. फूल ठेवले.

"तुका कोणी इचारूक नाय मां गो बाय," ती हळू म्हणाली. "इतकी वर्सां हात वर धरून दमलंस. पड आता जरा."

मग ती मंगेशकडे वळली.

"तुझो बापूस गेलो तेवा माकाय हिच्यापुढे बसवतले होते. कोणाच्या नजरेक पडाच्या आदी तुझ्या आजयेन नि मिया मिळान हिका उपडी घातली. हिच्या पाठीर तुमचे लंगोट धुतलंय. काय वायट झाला?"

"आणि चंदन?" दाजी खालच्या आवाजात म्हणाले.

शेवंतीने तांब्या खाली ठेवला.

"चंदनाक ट्रकान उडवल्यान. हिना नाय."

"लवू, पहार घे."

लवूने मान खाली घातली.

"ऱ्हवांदे. कावेरी, तू ये गो."

कावेरीने बालदी खाली ठेवली. पहारेवर सासूच्या हाताशेजारी तिने हात टेकले. चारही मनगटे मोकळी. दगड लवकर हलेना. दोघींना धाप लागली. मग तो मऊ मातीत पालथा पडला.

"न्हाणीघर केळींकडे बांध," शेवंतीने मंगेशला सांगितले आणि पदराला हात पुसले. "कावेरी, कपाटातली बरी चादर आन. उद्या पावणे खंय बसतले?"

कावेरीने चादर आणली, बालदीत बुचकळली, दगडावर पसरून साबण लावू लागली. आत फोन पुन्हा वाजू लागला. तिने सासूकडे पाहिले.

शेवंतीने तिच्या हातातला साबण काढून घेतला.

"जा, घे तो फोन. चादर मी धुतंय."