चार नंबरच्या मशीनमधला नाथा

शांती नगरात शशिकांतच्या सायबर कॅफेसमोर दुपारी तीन वाजता दीडशे माणसं जमली होती. त्यांतली निम्मी तरी ऑफिसला दांडी मारून आलेली. कॅफेत सहा मशीनं होती आणि सगळ्यांना चार नंबरचंच बघायचं होतं, कारण त्यात नाथा दिसत होता.

नाथा जवळच्या राई गावचा. दोन महिन्यांपूर्वी सकाळी खाडीत बुडून मेला. आता तो म्हणे गेममध्ये उभा होता. गेम साधा लढाईचा: नदी, काठावर सैनिक, बंदुका. बाकी पाच मशीनवर नदीचं पाणी चकाकायचं, त्यात आभाळ हलायचं, सैनिकांच्या गालांवर ऊन पडायचं. चार नंबरवर तेच पाणी डांबरासारखं काळं, आणि काठावरच्या सैनिकाच्या मानेवर नुसता काळा गोळा.

"बुडालेल्याचं तोंड असंच होतं," एका जाणकारानं सांगितलं. त्यानं आजवर बुडालेला माणूस पाहिला नव्हता.

शशिकांतनं उपायांत कसर ठेवली नव्हती. लिंबू-मिरची बांधली, टेबलाचं तोंड पूर्वेला केलं, विंडोज तीनदा टाकलं, मॉनिटर बदलला, माउसला हळद-कुंकू वाहिलं. मग भाईंदरहून ईश्वरबाबाला बोलावलं.

"आत्मा पहिला पाण्यात असतो, मग करंटमध्ये उतरतो," बाबा समजावत होता. "करंट कहां से आता है? धरणातून. धरणात काय असतं? पाणी. ये सायन्स है, बेटा."

बी.कॉम. झालेली माणसं माना हलवत होती.

बाबाचा शिष्य अभिनव टेबलाशी गुडघे टेकून बसला. बाबानं मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि अभिनवचं डोकं-हात सगळ्यावर लाल कापड टाकलं आणि मंत्र सुरू केला. कापड काढलं तर सैनिकाला तोंड उमटलेलं. फिकट, मढ्यासारखं, पण तोंड. गर्दीनं हात जोडले. पुन्हा कापड, पुन्हा मंत्र, आणि पुन्हा काळा गोळा.

"बोलला," बाबानं डोळे मिटून सांगितलं. "म्हणतोय, बायकोनं ढकललं."

नाथाची बायको सुलू तिथंच होती. या कॅफेची लादी तीच पुसायची. पहिली थप्पड महिला मंडळाच्या मंदाताईंनी मारली, मग केस धरले. मग कोणीतरी वेताची काठी आणली. तिसऱ्या फटक्याला सुलूचा ओठ फाटला, पाचव्याला दात लादीवर पडला. शशिकांतनं तो चपलेनं बाजूला केला. लादी नवीन होती.

"बोल, ढकललंस ना?"

"न्हाय ढकलला. मी तवा हितंच काम करीत व्हती. शेठला इचारा."

शेठनं लिंबू-मिरचीकडे पाहिलं.

आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या मृणालिनीबाई खाली आल्या. मध्ये घुसल्या तेव्हा कोणाचं तरी कोपर लागून त्यांचा चष्मा फुटला. एका काचेतून त्यांनी पाहिलं ते असं: बाहेर पंढरीनाथच्या वड्यांच्या गाडीवर कढई तापली होती, वडे थांबवले होते, आणि दोघं जण सुलूचं मनगट तेलावर धरून उभे होते.

"खरी असेल तर भाजणार नाही," बाबा म्हणाला. "एक लास्ट मंत्र, मग हात तेलात."

"बाई, तुम्ही नका पडू मध्ये," मंदाताई म्हणाल्या. "देवाधर्माचं आहे."

बाईंना भांडता आलं असतं. दीडशे माणसांशी भांडून हात वाचत नाही, हेही त्यांना कळत होतं. बाबानं आत जाऊन पुन्हा कापड टाकलं, आणि त्या टेबलाजवळ उभ्या राहून मंत्र ऐकू लागल्या. कापडाखाली टिक झालं. मग आणखी टिक. एकूण सात. कापड निघालं तर सैनिकाला तोंड होतं.

"बाबा, माझाही विश्वास बसेल," त्या म्हणाल्या. "आता तोंड घालवा. फक्त अभिनवनं हात वर करायचे."

गर्दीला हे रास्त वाटलं. बाबानं मंत्र म्हटला, दोनदा म्हटला. कापड काढलं तर तोंड होतं तसंच.

"शिष्याच्या हातातून शक्ती वाहते, ताई."

"मग माझ्या हातातून वाहू दे."

बाईंनी कापड बाजूला फेकलं, माउस धरला आणि मोठ्यानं एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस पंचेपर्यंत तोंड गेलं. दहापर्यंत परत आलं.

"गेमच्या मेनूत जाऊन शेडर हा पर्याय चालू केला, मग बंद केला. सात क्लिक. अभिनवनं कापडाखाली हेच केलं."

तेलाचा थेंब उडाला. सुलू किंचाळली, मनगटावर फोड आला. तिला धरणारे मात्र आता आत बघत होते.

बाईंनी दोन मशीनं बंद करून खोलली. तीन नंबरचं ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर चित्र उमटवणारं, ते चारमध्ये, चारचं तीनमध्ये. पुन्हा सुरू केली आणि चारवरही शेडर चालू केला. चार नंबरवर नदी लखलखली, सैनिकाच्या गालावर ऊन पडलं. नाथा तीन नंबरवर सरकला होता.

"दिवाळीत नवीन कार्डं किती घेतली, शशिकांत?"

"पाच."

"आणि चारमध्ये जुनंच ठेवलंत. पाणी कसं चमकावं, कातडीवर उजेड कसा पडावा, हे ठिपक्या-ठिपक्याला सांगणारे छोटे प्रोग्रॅम असतात. त्यांना शेडर म्हणतात. नवीन कार्डाला ते चालवता येतात, जुन्याला येत नाहीत. जिथं जमत नाही तिथं जुनं कार्ड काळं सोडतं. शेडर बंद केला की गेम साधा रंग फासतो, म्हणून ते फिकट तोंड. भूत नाही, करणी नाही. आणि सुलू त्या सकाळी कुठं होती?"

"इथंच," शशिकांत म्हणाला. "लादी पुसत होती."

 मग तीच काठी, मंदाताईंच्याच हातात, बाबाच्या पाठीवर बसली. अभिनवची माउसवाली बोटं कोणीतरी मागे वाकवली. कडकन आवाज आला. बाबाला फरफटत कढईकडे नेऊ लागले. धरणारे हात त्याच दोघांचे होते.

सुलू कढईसमोर येऊन उभी राहिली. हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"मना मारलात तवा कोनी काय इचारला न्हाय," ती म्हणाली. "त्याला तरी इचारा. पोलिसात नेऊन इचारा. मी येते सांगायला."

 बाईंनी पंढरीनाथचा गॅस बंद केला.

"त्या कार्डाला जे कळलं नाही तिथं त्यानं काळं सोडलं," त्या गर्दीला म्हणाल्या. "त्या काळ्यात नाथा तुम्ही बसवलात, आणि मग खुनीही शोधलात. एखादी गोष्ट कळत नसेल तर कळत नाही म्हणा. ज्याला कळतं त्याला विचारा. आणि कळेपर्यंत हात खिशात ठेवा."