चाकांची झाकणं

शिजत्या ज्वारीच्या खळीचा ऊबदार, किंचित आंबूस गंध आला की माझे वडील, अण्णा, डोळ्यांपुढे येतात: फाल्गुनातल्या तिरप्या उन्हात अंगणात मांडी घालून, बांबूच्या कड्यांवर जुनं धोतर ताणताना. निजामाच्या अमलात बीडात मोटारी त्या अशा किती? त्यांतली सगळ्यांत खिळखिळी आमची. चाकांचे आरे वारा घुसळत बसतात आणि त्यातच पेट्रोल वाया जातं, असा शोध अण्णांना लागला होता. म्हणून ही कापडी झाकणं. खळ वाळून कापड कडक झालं की ते त्यावर टिचकी मारत आणि स्वतःशीच हसत.

हा सगळा खटाटोप मायसाठी. गेल्या खेपेला तिच्या माहेरी, घाटनांदूरला, जाताना पेट्रोल वाटेतच संपलं आणि मोटारीला बैल जुंपून वेशीतून आत न्यावं लागलं. भावजया पदराआड हसल्या. तेव्हापासून मायचा एकच हेका: पुन्हा बैल लावून माहेरी जाणार नाही. आपल्यापायी तिचं माहेर तुटलं, हे अण्णांना आतून खात होतं.

अखेर त्यांच्या भरवशावर ती निघाली. मांजरसुंब्याला पाणी प्यायला थांबलो, तेवढ्यात एका गाईनं खळ चाटता चाटता एक झाकणच फस्त केलं! अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. मायला मात्र हसू आवरेना.

"लई हुशार तुमी! गाईचं जेवण बांधून आणलं व्हय?" म्हणत तिनं गाठोड्यातून माहेरी मिरवायचं नवं लुगडं काढलं, टर्रकन फाडलं आणि चाकावर ताणून बांधलं. अण्णा बघतच राहिले.

घाटनांदूरची वेस दिसली, आणि मोटारीनं आचके देत प्राण सोडला. अण्णा मान खाली घालून बसले. कुणीतरी बैल आणायला धावलं. मायनं त्याला हाक मारून थांबवलं, पदर खोचला आणि खाली उतरली.

"बैल नगं. आमची मोटार हाय, आमी नेतो."

मग अण्णा उतरले, मी उतरले, आणि भावजयांच्या देखत, मोटार ढकलत, धुळीनं माखलेली माझी माय हसत हसत वेशीतून आत शिरली. किती सुंदर दिसत होती ती!

आज दोघंही नाहीत. झाकणांनी पेट्रोल वाचलं की नाही, देव जाणे. पण माझ्या स्मृतीत ती दोघं अजून एकमेकांना खेटून मोटार ढकलताहेत, आणि त्यांच्या मधोमध, तापल्या पत्र्यावर, माझे हात आहेत.