नव्या सायलेन्सरचं गाऱ्हाणं

राजेशची गाडी शेवटी वडाळ्याच्या भंगारवाल्याकडे गेली, दाबून तिचा चौकोनी ठोकळा झाला, तो ठोकळा ट्रकवर चढून दिसेनासा झाला, आणि तरी लालबागच्या त्या इमारतीखाली तिचं इंजिन चालूच राहिलं.

हे अजून झालेलं नाही. असं धरूनच आपण पुढे जाऊ, कारण राजेशनेही बरेच दिवस तसंच धरलं होतं. तर गाडी आहे. पुनर्विकासात मिळालेल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, बरोबर राजेशच्या पहिल्या मजल्यावरच्या घराखाली उभी आहे. लाल, बुटकी, दोन दारांची. बाहेरून इटालियन स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल, सगळी फायबरची. आत मात्र जुन्या फॅमिली गाडीचं इंजिन, जिच्यात एकेकाळी कुणीतरी सासू, सिलिंडर आणि दोन मुलं घालून अलिबागला जात असे. नाकावर उधळलेला घोडा होता, पण साच्यात जरा दबल्यामुळे तो बकरीकडे झुकला होता.

राजेश एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी नवरदेवांना भाड्याने द्यायचा. दिसायला कुणाची तक्रार नव्हती. तक्रार आवाजाची होती. दादरच्या हॉलसमोर गाडी थांबली की वऱ्हाडी नवऱ्याकडे न बघता रिक्षा कुठे आली ते शोधायचे. दादरला रिक्षा येतच नाही, हे माहीत असूनही शोधायचे.

म्हणून सायलेन्सर बदलायचा. परळला पुलाखाली अमितचं गॅरेज होतं आणि अमित शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याने आधी नाहीच म्हटलं. असा सायलेन्सर बसवला तर तो आख्ख्या गाडीपेक्षा महाग पडेल, ताकद तसूभर वाढणार नाही, उलट पेट्रोल जास्त खाईल, असं त्याने बोटांवर मोजून सांगितलं.

"हे बघ राजा," तो म्हणाला, "सायलेन्सर बदलून ही गाडी पळणार नाही. फक्त हिच्या न पळण्याचा आवाज मोठा होईल."

"मला पळवायची कुठे आहे? हॉलसमोर थांबवायची आहे."

अमितने सायलेन्सरचा भाव कागदावर लिहून दिला. राजेशला मात्र वेगळीच धाकधूक होती, आणि ती घरी कॉटवर बसलेली असायची.

त्याच्या आईच्या, रमाबाईंच्या हृदयात त्या उन्हाळ्यात परळच्या हॉस्पिटलात धातूची झडप बसवली होती. झडप चालताना वाजते. खोली शांत असली की स्पष्ट ऐकू येते, टिक, टिक, अगदी घड्याळासारखी. त्यामुळे घरात आता दोन घड्याळं होती, एक भिंतीवर आणि एक आईत. डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, ऐकू येतंय ना, मग काळजी नको. डॉक्टर ते विसरूनही गेले असतील. राजेश विसरला नाही. ऑफिसातून आला की तो बूट न काढता दारात उभा राहायचा, टिकटिक कानावर पडली की मग लेस सोडायचा. त्याची बहीण आकांक्षा म्हणायची, दादा, तू घरात येत नाहीस, हजेरी घेतोस.

सायलेन्सरचा त्रास होईल का, असं त्याने आईलाच विचारलं.

"बसय रे झिला," रमाबाई म्हणाल्या. "माका आवाज होयो. शांत झाला की ह्याच ऐकाक येता." आणि त्यांनी छातीवर टिचकी मारली.

सायलेन्सर बसला. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा आवाज पोटातून आला, जड, खालचा, दम देणारा. वर मांडणीतली भांडी एकमेकींना लागून थरथरली. राजेशने नाकावरच्या बकरीकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच त्याला ती घोडा वाटली.

पण या घराण्यात नवी वस्तू गाऱ्हाण्याशिवाय वापरत नसत. गाऱ्हाणं घालायचं ते रघुतात्यांनी, राजेशच्या थोरल्या काकांनी. नारळ ठेवायचा, गावच्या देवाला मालवणीत विषय समजावून सांगायचा, आणि प्रत्येक वाक्याला घरातल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं चालत नाही, होकार घरातल्यांचाच लागतो. तो आला नाही तर देव विषय पुढच्या सभेत ढकलतो. तात्यांनी फ्रीजला गाऱ्हाणं घातलं होतं, रमाबाईंच्या झडपेला घातलं होतं, इमारतीच्या लिफ्टलाही घातलं होतं. लिफ्ट त्यानंतर एकदाही अडकली नाही. वीज गेल्यावरसुद्धा नाही. लोक तेव्हापासून जरा जिन्याने जातात.

तर इंजिन धडधडत ठेवून सगळे गाडीपुढे उभे राहिले. रमाबाईंना प्लास्टिकची खुर्ची दिली.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी डोळे मिटले, "आज तुझ्या ह्या लेकरान गाडयेक नवो सायलेन्सर बसयल्यान हा. तेचो आवाज कधीच बंद पडाक नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

तेवढ्यात वर आकांक्षाने गॅसवर ठेवलेल्या कुकरने शिट्टी दिली. तात्या थांबले. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा शिट्टी. तिसऱ्या शिट्टीला तात्यांची मान लाल झाली.

"ह्या घरातलो दुसरो खयचोय आवाज बंद झालो तरी चलात," ते कुकरच्या दिशेने म्हणाले, "पण ह्यो आवाज रवाक होयो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्यात कोण शब्द ऐकतो? वाक्य संपलं की म्हणायचं असतं. सगळ्यांत मोठ्याने रमाबाई म्हणाल्या, कारण ऑपरेशननंतर त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने बोलायला मिळालं होतं.

राजेशने चावी काढली. इंजिन बंद झालं नाही.

तात्या म्हणाले, देवान ऐकल्यान. त्या वेळी ही आनंदाची बातमी होती.

अमितने बॅटरी काढली, पेट्रोल काढलं, शेवटी सायलेन्सरही काढून टेम्पोत टाकला. आवाज जागच्या जागी. मग इंजिन उतरवलं, तेव्हा आवाज जरा मोकळा झाला, एवढाच फरक. अमित रिकाम्या बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ ऐकत राहिला. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, सायलेन्सर चांगला निघाला रे. त्यानंतर तो त्या गल्लीतून गेला नाही. सोसायटीची नोटीस आली की वाहन बंद असताना आवाज करू नये. ट्रॅफिक हवालदार आला, त्याने आवाजाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आवाजाला नंबर प्लेट कुठे दिसेना म्हणून परत गेला.

घरात आधी कुकर गेला. म्हणजे कुकर होता, वाफ भसाभसा वर जात होती, शिट्टी उड्या मारत होती, पण बिनआवाजी. भात करपला. आकांक्षा हसली, म्हणाली शिट्टीला शिट्टी मारावी लागणार. मग दाराची बेल गेली. मग मिक्सर, बादलीत पडणारं पाणी, टीव्ही. टीव्हीवरची माणसं तोंडं वासून भांडत आणि त्यांच्याखाली गाडी धडधडत असे, त्यामुळे सगळ्याच मालिकांचा एक नवरदेव कुठेतरी निघालाय असं वाटायचं. घरातल्यांना गंमत वाटली ती इथपर्यंत.

कारण मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. संध्याकाळपर्यंत काटेही थांबले.

सेल गेला असेल, आकांक्षा म्हणाली. राजेशने नवा सेल आणला. घड्याळ चाललं नाही. दुसरं घड्याळ आणलं. ते दुकानात चालत होतं, उंबरठ्यावर चालत होतं, आत आल्यावर तिसऱ्या पावलाला मेलं. बहीणभाऊ एकमेकांकडे न बघता दोघंही कॉटकडे बघत होते. रमाबाई शेंगा सोलत होत्या. शेंगा फुटत होत्या, पण आवाज फक्त आतल्या झडपेचा येत होता. टिक, टिक.

आकांक्षाने हिशेब मांडला की कुकर मुका झाला तरी शिजवतो, मिक्सर मुका झाला तरी वाटतो. काटे थांबले ते फक्त टिकटिकणाऱ्याचे. हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण दिलासा द्यायला निघालो होतो.

त्यांनी आईला माझगावला मावशीकडे हलवलं. टॅक्सीत रमाबाई खूश होत्या. मावशीच्या इमारतीखाली टॅक्सी थांबली तेव्हा खाली गाडी नव्हती, पण धडधड होती. आवाज त्यांच्या आधी पोचला होता. मावशीने दार उघडलं, तोंडभर स्वागत केलं, आणि तिचा एक शब्दही कुणाला ऐकू आला नाही. ते परत आले. निदान लालबागला पार्किंग स्वतःचं होतं.

गाडी भंगारात गेली ती त्याच आठवड्यात. हे झालेलं नाही असं आपण धरलं होतं, पण झालं.

शेवटी राजेश रघुतात्यांकडे गेला. त्याला बोलताना अर्ध्यात थांबायची सवय नव्हती, म्हणून त्याने सगळं कुकरपासून सांगितलं. तात्यांनी पाय वर घेतले.

"गाऱ्हाणा मागे घेवक येता," ते म्हणाले. "पण ज्यान घातल्यान तेनाच. आणि होकार तुमचो तिघांचो."

"मग चला ना."

"माझो आवाज गेलो तर?"

"आईचा गेला तर?"

तात्या उठले, त्यांनी टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नारळ ठेवला. त्याआधी चहाच्या वेळी आकांक्षाचा आवाज फोनवर बोलता बोलता गेला होता. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत असावा, पण तेही ऐकू येत नव्हतं. रमाबाईंनी तिला बघून काहीतरी विचारलं, ओठ हलले, बाकी काही नाही. त्यांना स्वतःलाही ते कळलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, जणू आवाज तिथे सांडला असावा, आणि मुलाला खुणेने चहा घ्यायला सांगितलं.

तात्यांनी घाईने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "त्या दिसाक मी जा..." आणि त्यांचं तोंड पुढे चालत राहिलं. हात जोडलेले, मान हलतेय, गाऱ्हाणं पूर्ण भरात, पण घरात फक्त खालची धडधड. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

आता घरात तीनच आवाज उरले होते. खालचा, राजेशचा, आणि आईच्या छातीतला. यापुढे जाईल तो खालचा नसणार हे उघड होतं.

राजेशला गाऱ्हाणं येत नव्हतं. मालवणी त्याला समजायची, बोलता यायची नाही. आणि ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यायचं असतं, हेही त्याला आठवत होतं. पण तात्यांनी त्याला खांद्याला धरून नारळापुढे उभं केलं. त्याने डावा तळहात आईच्या पाठीवर ठेवला, म्हणजे टिकटिक ऐकू नाही आली तरी हाताला कळेल. समोर आकांक्षा आणि तात्या "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंडं अर्धी उघडून तयार होते. रमाबाईंनीही उघडलं. राजेशला आयुष्यात एकच भाषा नीट लिहिता आली होती, ती रोज आवकमध्ये यायची आणि जावकमधून जायची, आणि तिचं पुढे काय होतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने घसा खाकरला. खाकरणं ऐकू आलं नाही. तरी तो बोलू लागला:

"प्रति, माननीय देव महाराज. विषय, वाहनाचा आवाज परत घेणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने नकली वाहनास खरा सायलेन्सर बसवला, ही चूक अर्जदारास मान्य आहे. सदर वाहन आता अस्तित्वात नाही. तरी त्याचा आवाज आपल्या स्तरावर जमा करून घ्यावा, मोबदल्यात अर्जदाराच्या मातोश्रींच्या छातीतील आवाज आहे त्या स्थितीत कायम ठेवावा, आणि उपस्थित कुटुंबीयांपैकी कोणीही एकाने मोठ्याने होकार देऊन या गाऱ्हाण्यास तात्काळ मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती."