साडूभाऊंची दांडी

रविवारी दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढतो, ते दुकान बंद करायला नाही, कंबर बोलायला लागते म्हणून. आठवडाभर उभं राहून लोकांना रिमोटच्या गाड्या विकायच्या आणि त्यांनीच मोडून आणल्या की पुन्हा जोडून द्यायच्या. खेळण्यांचं दुकान म्हणून लोक हसतात. हसा बाबांनो. या मोठ्या माणसांचे चोचले पुरवताना घाम कोणाचा निघतो, ते मला विचारा.

त्या रविवारी शटरखालून आधी एक डबा आत सरकला आणि मागोमाग वाकून साडूभाऊ.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवतात. उभ्या आयुष्यात या माणसाने कामावर दांडी मारलेली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे केबिनमध्ये जाऊन बसले होते, हे माझी मेहुणी अजून दातओठ खाऊन सांगते. आमच्या दोघांचा मिळून एकच मेहुणा, बारक्या. तो त्याच कामावर खाली उभा राहून हुकाला माल अडकवतो. वर थोरला जावई, खाली एकुलता मुलगा, म्हणून सासूबाईंना मात्र निवांत झोप लागते.

"काय शेठ, झोपलास?"

"तुम्ही झोपू द्याल तर ना."

त्यांनी डबा काउंटरवर ठेवला. आत त्यांची गाडी होती, पुन्हा एकदा.

"चढावर मागचा ॲक्सल उड्या मारतो रे. या दांड्यासुद्धा बेकार निघाल्या."

ही गाडी पळवायची नसते. दगडधोंड्यांवरून मुंगीच्या पावलांनी चढवायची, त्यातच मजा. तिचे चाकांचे ॲक्सल चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, धरून ठेवतात त्या बोटाएवढ्या दांड्या, म्हणजे लिंक, आणि गाडी दगडावर कशी वागेल ते बरंचसं त्यांच्यावर. प्लास्टिकच्या लवतात, पण दगडावरून घसरून पुढे जातात. ॲल्युमिनियमच्या हलक्या आणि देखण्या. स्टीलच्या जड. साडूभाऊंच्या मूळच्या प्लास्टिकच्या काढून मी निळ्या ॲल्युमिनियमच्या लावून दिल्या. त्या पसंत पडेनात, म्हणून दगड लागू नये अशा मधे वाकवलेल्या दिल्या. मग त्यांना त्या आखूड वाटल्या. घरून माप घेऊन आले ते टोकापासून टोकापर्यंत! अहो, दांडी मोजायची ती एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत. घेऊन गेले चुकीच्या, आणि आले परत. दर वेळी खोलायचं मी, जोडायचं मी. वर बायकोची ताकीद, "ताईच्या घरी मला तोंड दाखवायचंय. कुरकुर करू नका."

नाही केली. पण माणूस थकतो हो.

"आता काय देऊ?"

"स्टीलच्या दे. सगळ्यात जड असतील त्या."

"जड कशाला? गाडी चढवायचीय का पाया भरायचाय?"

"तू दे रे."

मी हुकावरून पाकीट काढून काउंटरवर टाकलं. मग मनात आलं, आज या लावल्या की पुढच्या रविवारी हे पितळेच्या मागायला येणार. म्हटलं, एकदाचा निकालच लावू. खणातून त्यांच्या गाडीच्या मूळच्या प्लास्टिकच्या दांड्या काढल्या.

"या कशाला?"

"परत लावून बघू तरी, मुळात दुखणं काय होतं ते. हा स्क्रू धरा जरा."

"तूच धर. चष्मा नाहीये माझ्याकडे."

चष्मा कपाळावर होता. उजवा हात त्यांनी खिशातून काढलाच नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी प्लायवुडच्या फळीवर खरे दगड चिकटवून एक चढ केलाय. दर वेळी गाडी ते चालवायचे आणि मी खाली बसून चाकं बघायचो. त्या दिवशी खाली बसायचं माझ्या गुडघ्यांच्या जिवावर आलं, म्हणून रिमोट मीच घेतला. गाडी निघाली. पहिला दगड चढली, दुसऱ्यावर एक चाक अधांतरी ठेवून थांबली, मी जरा अंगठा दाबला तशी सावकाश पुढे सरकली. थेट माथ्यापर्यंत. ॲक्सल जागचा हलला नाही. त्याच प्लास्टिकच्या दांड्या, ज्यांना या माणसाने पहिल्यांदा नावं ठेवली होती.

मला हसू फुटलं. इतक्या रविवारांचा शीण त्या हसण्यात होता. "काय साडूभाऊ, नाचता येईना, अंगण वाकडं!"

एरवी या माणसाने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. ते नुसते गाडीकडे बघत राहिले.

"घ्या, आता तुम्ही आणा खाली," म्हणत मी रिमोट त्यांच्या हातात कोंबला.

गाडी जरा सरकली, अडखळली, पुन्हा सरकली. मागचा ॲक्सल टपटप उड्या मारायला लागला. मी दांड्यांकडे बघितलं नाही, त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. रिमोटच्या खटक्यावर तो अंगठा थरथरत होता. ते थांबवायला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी तो थांबेना.

मी रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही. डॉक्टरला कळलं की कंपनीला कळणार. कंपनीला कळलं की मी खाली."

"अहो, मग वर क्रेनमध्ये?"

"क्रेन जड असते रे, तिला कळत नाही. बोजा लटकलेला असला की सगळं जिरून जातं." ते स्टुलावर बसले. "रिकामा हुक मात्र हलतो. गुरुवारी बारक्याच्या हेल्मेटला घासून गेला. तो खालून हात करून हसला. रेडिओवर म्हणतो, दाजी, आज वारा लई सुटलाय."

"सुटला होता?"

"नाही."

माझा तोल गेला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आपला बारक्या उभा असतो खाली! घासून गेला म्हणे! आणि तुम्ही इथे येऊन माझ्याकडून दांड्या बदलून घेताय?"

"म्हणून तर जड मागतोय." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी मनाशी धरलं होतं, जड दांड्या लावून ही नीट चढली, तर वरचंही जमेल. निदान मुलीचं लग्न होईपर्यंत."

बाहेर काउंटरवर स्टीलच्या दांड्यांचं पाकीट तसंच पडलेलं दिसत होतं. त्या लावल्या असत्या, तर गाडी कदाचित नीट चढलीही असती. मला भीती वाटली ती त्याचीच.

"लावून देऊ?" मी विचारलं. खरं सांगतो, ते हो म्हणाले असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

त्यांनी एकदा त्या पाकिटाकडे बघितलं. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"मुकादमाला तू लाव. माझ्याकडून आकडे दोनदोनदा दाबले जातात."

मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन मधे ठेवला.

"बोला ऑपरेटर! आज सुट्टीला कशी काय आठवण?"

"उद्या माझी दांडी लिहा."

पलीकडे मुकादम खो-खो हसला. "तुमची? दांडी? बरी मस्करी करता. सकाळी जरा लवकर या, लोखंड यायचंय."

"मस्करी नाही. हात थरथरतो माझा. आता वर चढणार नाही मी."

हसणं थांबलं.

"आणि बारक्याला सांगा," साडूभाऊ म्हणाले, "गुरुवारी वारा नव्हता."

फोन मी बंद केला. ते उठले, काउंटरवरचं स्टीलच्या दांड्यांचं पाकीट घेऊन भिंतीपाशी गेले आणि हुकाला अडकवायला लागले. पाकिटाचं भोक सारखं हुकत होतं. मी मदतीला गेलो नाही. ते नीट अडकेपर्यंत तिथेच उभा राहिलो, आणि मग आम्ही दोघांनी मिळून शटर खाली ओढलं.