पिवळे आठवडे

जिवाणूंच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढल्यावर लोक आपल्याला डॉक्टर म्हणतील, निदान साहेब तरी म्हणतील, अशी त्यांची भाबडी समजूत होती. लोक त्यांना जंतूमास्तर म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कळायला मार्ग नव्हता, पण रागावली की बायकोही तेच वापरायची, म्हणजे नाव पक्कं झालं होतं.

काम तसं साधं होतं. सोयाबीनच्या मुळांत राहणारे जिवाणू काचेच्या भांड्यांत वाढवायचे, काळ्या भुकटीत मिसळायचे आणि पाकिटं भरायची. शेतकऱ्यानं पेरणीआधी ती भुकटी बियाण्याला चोळली की हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र झाडाला पुरवतात. मग युरियाची पोती ओतावी लागत नाहीत. जंतूमास्तर हे सगळ्यांना सांगत, अगदी केस कापणाऱ्यालासुद्धा, आणि तो बिचारा कात्री हवेत धरून ऐकत राही. स्वतः त्यांनी मात्र आजवर सोयाबीन लावलं होतं ते प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कुंडीत.

त्यांची थोरली बहीण शेत सांभाळायची. तिच्या अर्ध्या शेतात मका असे. उरलेल्या अर्ध्यात यंदा पहिल्यांदाच सोयाबीन घ्यायचं तिनं ठरवलं आणि भावाला फोन केला.

"इतकी वर्षं ऐकतेय तुझ्या जंतूंचं. आण एकदाचे."

जंतूमास्तर नुसती पाकिटं पाठवून थांबणाऱ्यांतले नव्हते. ते जातीनं हजर झाले. टबात साखरेचं पाणी कालवून त्यात भुकटी मिसळली, कोपरापर्यंत हात काळे करून घेतले आणि ओल्या बियाण्याला ऊन लागू नये म्हणून त्यावर छत्री धरून स्वतः तासभर उन्हात उभे राहिले. भावजी लांबून बघत होते. "आमच्या लग्नात नवरदेवालासुद्धा एवढं जपलं नव्हतं," ते म्हणाले.

पेरणी झाल्यावर जंतूमास्तरांनी ताईला बसवून ठासून सांगितलं. तीन-चार आठवडे पानं पिवळट दिसतील. गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात, झाड उपाशी असतं. घाबरायचं नाही. युरियाचा एक चमचाही टाकायचा नाही. झाडाला नत्र आयता मिळाला की ते जिवाणूंना दारातही उभं करत नाही, मग गाठी होतच नाहीत.

"किती दिवस थांबू?" ताईनं विचारलं.

"सहा आठवडे. मग मी येऊन उपटून दाखवतो."

ताईनं कॅलेंडरवर रेघ मारली. इथवर सगळं ठीक होतं, पण जंतूमास्तरांची जीभ कधी वेळेवर थांबली आहे? जाता जाता रस्त्यापलीकडच्या ट्रॅक्टरवाल्या काकांना त्यांनी गाठलं आणि सहाव्या आठवड्यात चार शेजाऱ्यांना घेऊन गाठी बघायला या, असं आमंत्रण देऊन टाकलं.

"येतो की," काका म्हणाले. "गाठी दिसल्या तर पुढच्या वर्षी आम्हीही चोळू. नाही दिसल्या, तर ताईंची वर्षभर चेष्टेतून सुटका नाही."

काका चेष्टा करत असले तरी खोटं बोलत नव्हते. ताईचं एकदा हसू झालं की पुन्हा नवीन काही करून बघणार नाही, आणि तिच्याकडे बघणारी आसपासची घरंही करणार नाहीत, हे जंतूमास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना राहवेना. कुणाला न कळवता, भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना ते शेताच्या कडेला येऊन उभे राहिले. सोयाबीन पिवळं होतं. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच, त्यांच्या माहितीपत्रकातल्या फोटोसारखं. रस्त्यापलीकडे काकांचं शेत मात्र युरिया खाऊन हिरवंगार डुलत होतं.

जंतूमास्तर आळीपाळीनं दोन्ही शेतांकडे बघत राहिले. माहितीपत्रक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. "धीर धरा" हे शब्द ठळक छापून घ्यायला छापखान्यात भांडलेही होते. तरी त्यांचे पाय गोठ्याशेजारच्या खोलीकडे वळले. तिथं मक्यासाठी आणलेला युरिया होता. त्यांनी अर्धी बादली भरली आणि ऑफिसचे बूट चिखलात बुडवत रस्त्याकडच्या सहा ओळींत टाकून आले. सहाच ओळी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील तेवढ्याच. विज्ञानावर आपला विश्वास आहे, फक्त रस्त्यानं जाणाऱ्यांच्या डोळ्यांवर नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती त्यांना लगेच पटलीही, कारण गिऱ्हाईकही तेच होते आणि दुकानदारही.

दुसऱ्या दिवशी शेताला पाणी दिलं गेलं. आठवड्याभरात ताईचा फोन आला, "पुढच्या ओळी काय हिरव्या झाल्यात रे!" जंतूमास्तरांची छाती फुगली. आपणच केलेली चोरी जिवाणूंचा पराक्रम म्हणून ऐकताना इतका आनंद व्हावा, याचं पुढे त्यांचं त्यांनाच हसू यायचं. तेव्हा मात्र आलं नाही.

ठरल्या दिवशी काका आणि चार शेजारी आले. आतल्या ओळींतलं झाड उपटायचं, हा बेत जंतूमास्तरांनी घरूनच करून आणला होता. "या, आत या," म्हणत ते पुढे निघालेही. पण काकांनी कुदळ पहिल्याच ओळीत घातली.

"आत कशाला? एवढं हिरवं तर इथंच आहे."

मुळं वर आली. माती झटकली. मुळं स्वच्छ, पांढरी, धुऊन ठेवल्यासारखी. शोधून शोधून मोहरीएवढे दोन दाणे सापडले. काकांनी दुसरं झाड काढलं, तिसरं काढलं. तेच.

"मास्तर, तुमचे जंतू रजेवर गेले वाटतं."

शेजारी हसले. जंतूमास्तर बुटांकडे बघत राहिले. तेवढ्यात ताई पुढे झाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता.

"त्याला काही बोलू नका. त्याच्या पाकिटांत खोट नाही. पेरायला मीच उशीर केला. ऊन चढलं होतं, मेले असतील बिचारे. चूक माझी आहे."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं जंतूमास्तरांना जन्मात जमलं नव्हतं, आणि आज ते अगदी सोपं झालं होतं. ताईनं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. लोक तिला वर्षभर चिडवतील आणि जंतूमास्तर शहरात परत जाऊन "शेतकरी सूचना नीट पाळत नाहीत" असा अहवाल लिहितील. असे अहवाल त्यांनी पूर्वी लिहिलेही होते. त्यांतही किती ताया अशाच निर्दोष असतील, असं मनात आलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"ताईची चूक नाही," ते म्हणाले. "युरिया टाकलाय. मी टाकलाय."

"कुणी?"

"मी. चोरून. पिवळं बघवेना."

काका आधी बांधावर बसले आणि मग हसले. बसले नसते तर पडले असते. बाकीचेही डोळे पुसू लागले. भावजींनी जंतूमास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, पण तेही हसतच होते.

ताई हसली नाही. तिनं काकांच्या हातातली कुदळ घेतली आणि ती आत गेली, दहाव्या ओळीत, जिथं युरिया पोचला नव्हता. झाड काढलं, मुळं बादलीतल्या पाण्यात हलकेच बुडवली आणि आणून काकांच्या तळहातावर ठेवली. मुळं गाठींनी लगडली होती. तिनं एक गाठ नखानं फोडली. आतून लालसर गुलाबी होती, म्हणजे काम करणारी. जंतूमास्तरांनी पेरणीच्या दिवशी शिकवलं होतं, तसंच तिनं सगळ्यांना समजावलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. काकांचं हसू हळूहळू थांबलं. जाताना त्यांनी पाकिटांबद्दल विचारलं, पण ताईला विचारलं.

लोक गेल्यावर ताई पंपाच्या पाण्यात हात धूत होती. जंतूमास्तर जवळ गेले.

"झालं ना शेवटी चांगलं?" ते कसंबसं म्हणाले.

"पिवळं मलाही दिसत होतं," ताई मान वर न करता म्हणाली. "रोज दिसायचं. तुझे भावजी रोज म्हणायचे, टाक मूठभर. मी म्हटलं, माझ्या भावानं सव्वीस वर्षं यात घातलीत, तो थांब म्हणतो तर थांबायचं. मला झोप लागत नव्हती, पण मी थांबले. तू का नाही थांबलास?"

उत्तर त्यांना माहीत होतं, आणि ते लाजिरवाणं होतं. त्यांच्या सव्वीस वर्षांवर ताईचा जेवढा विश्वास होता, तेवढा त्यांचा स्वतःचा नव्हता. त्यांनी तिला तसं सांगून टाकलं.

ताईनं पंप बंद केला.

"पुढच्या वर्षी पूर्ण शेताला पुरतील एवढी पाकिटं पाठव," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."